खिडक्या उघड्या, तरी खोलीत हवा नाही: अडथळा नेमका कुठे आहे ते कसे शोधावे

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. खिडकी मोठी आहे, दिवसभर उघडी असते, बाहेर झाडाची पाने हलताना दिसतात, तरी खोलीत गदमदते. मग खिडकी आणखी मोठी करून घेतली जाते किंवा छताचा पंखा बदलला जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. खिडकी हे हवेच्या वाटेचे फक्त एक टोक आहे. खोलीत जेवढी हवा शिरायची तेवढीच दुसरीकडून बाहेर पडावी लागते. बाहेर पडायची वाट दाराखालच्या एक सेंटीमीटर फटीएवढी असेल, तर समोरची खिडकी कितीही रुंद केली तरी आत येणारी हवा त्या फटीच्या मापाचीच राहते. म्हणून दुरुस्तीची सुरुवात खिडकीपासून करू नये. आधी हवेची पूर्ण वाट शोधावी आणि तिच्यातली सर्वांत अरुंद जागा गाठावी.

आधी ठरवा: हवा कमी आहे, उष्णता जास्त आहे की ओल?

तिन्ही त्रासांना लोक "कोंदट" हाच शब्द वापरतात, पण उपाय तिघांचे वेगळे आहेत.

खोलीत बाहेरून आल्यावर वास जाणवतो, सकाळी उठल्यावर डोके जड असते, दार उघडले की लगेच बरे वाटते: हा हवा बदलत नसल्याचा त्रास.

हवा हलते आहे, वासही नाही, तरी अंगावर भट्टीसारखी धग येते: हा बहुतेक वेळा छताचा किंवा पश्चिमेच्या भिंतीचा त्रास. अवरक्त थर्मामीटरने, म्हणजे लांबून रोखून पृष्ठभागाचे तापमान दाखवणाऱ्या साधनाने, छताची खालची बाजू मोजा आणि शेजारी खोलीतल्या हवेचे तापमान मोजा. छत हवेपेक्षा ४–५ अंशांनी गरम असेल, तर खिडक्यांत कितीही फेरफार केले तरी ती धग कमी होणार नाही, कारण ती उष्णतेच्या किरणांनी थेट अंगावर येते आणि हवेच्या झोताला तिच्याशी फारसे देणेघेणे नसते. तिथे छताच्या वरच्या बाजूला सावली, परावर्तक पांढरा लेप किंवा उष्णतारोधक थर लागतो. वायुवीजनाचे काम त्यानंतर.

फरशी ओली होते, कपाटामागे कुबट वास येतो, भिंतीवर काळे ठिपके पडतात: हा ओलीचा त्रास. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे, कारण तिथे खिडकी उघडणे हेच कधीकधी दुखण्याचे मूळ असते.

चाचणी पहिली: धूर

एक उदबत्ती आणि पातळ टिश्यू कागदाच्या दोन सेंटीमीटर रुंद पट्ट्या एवढे सामान पुरते. छताचे पंखे, एक्झॉस्ट आणि एसी बंद करा. खिडक्या-दारे रोज जशी असतात तशीच ठेवा. चाचणीसाठी म्हणून मुद्दाम सगळी दारे उघडली, तर रोजचा दोष सापडणारच नाही.

उदबत्ती प्रत्येक उघड्या भागापाशी धरा: खिडकीच्या खालच्या कडेला, वरच्या कडेला, दाराखाली, दारावरच्या झरोक्यापाशी, स्नानघराच्या खिडकीपाशी. पडद्यापासून हात लांब ठेवा. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबा, कारण वारा एकसारखा वाहत नाही. कागदावर घराचा ढोबळ नकाशा काढून धूर आत गेला की बाहेर, ते बाणांनी दाखवा.

सगळे बाण आत आणि बाहेर जाणारा एकही नाही असे दिसले, तर कुठला तरी निकास तुमच्या नजरेतून सुटला आहे. धूर एकाच खिडकीत खालून आत आणि वरून बाहेर जात असेल, तर खोली एकाच बाजूने श्वास घेते आहे, आरपार वाट नाही. धूर कुठेच हलत नसेल तर वाट बंद आहे किंवा त्या घडीला दाबाचा फरकच नाही. स्नानघराच्या खिडकीतून धूर आत येत असेल, तर घर डक्टमधली, म्हणजे स्नानघरांमागच्या उभ्या मोकळ्या पोकळीतली, हवा ओढते आहे. तो दोष सर्वांत आधी दुरुस्त करावा.

चाचणी दुसरी: मिनिटे मोजणे

धूर दिशा सांगतो, प्रमाण सांगत नाही. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा मीटर लागतो. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण सध्या साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असते. मीटर आधी बाहेर ठेवून तो काय दाखवतो ते लिहून घ्या.

मग खोलीची दारे-खिडक्या लावून दोन-तीन माणसांनी तासभर आत बसावे. आकडा १५००–१६०० च्या पुढे गेला की खिडक्या रोजच्यासारख्या उघडा आणि सगळ्यांनी बाहेर यावे. हवा मिसळत राहावी म्हणून छताचा पंखा मंद चालू ठेवा. मीटरच्या आकड्यातून बाहेरचा आकडा वजा करा. उरेल ती "जादा". ही जादा निम्मी व्हायला किती मिनिटे लागली ते पाहा. ४२ ला त्या मिनिटांनी भागले की तासाला किती वेळा खोलीची हवा बदलते ते मिळते. जादा १२०० ची ६०० व्हायला १४ मिनिटे लागली, तर तासाला ३ बदल.

तासाला एकापेक्षा कमी बदल आला, तर ती खिडकी हवेच्या दृष्टीने बंद आहे असेच समजा. ३ ते ५ बदल झोपण्याच्या खोलीला ताजेपणासाठी भरपूर होतात. रात्रीच्या गार हवेने भिंती थंड करायच्या असतील, तर मात्र १० च्या आसपास लागतात. दार उघडे ठेवून चाचणी घेत असाल, तर घराच्या इतर खोल्या आधी मोकळ्या हवेने धुऊन घ्या, नाहीतर त्यांच्यातला साठलेला वायू आत येऊन हिशेब चुकतो.

दोन माणसे झोपलेली ४० घनमीटरची खोली पूर्ण बंद असेल, तर आकडा तासाला सुमारे ७०० पीपीएमने चढतो. तो १००० च्या आसपास रोखायला सेकंदाला साधारण १४ लिटर बाहेरची हवा पुरते. ही १००० ची मर्यादा जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये सुचवली आणि आजही ती खुणेचा दगड म्हणून वापरात आहे. वायू त्या प्रमाणात विषारी ठरतो असे नाही. माणसांच्या श्वासातून आणि अंगातून जे काही हवेत मिसळते, त्याचा तो सोपा मापक आहे.

सर्वांत जास्त आढळणारे कारण: निकास अरुंद

एका ओळीत असलेल्या उघड्या भागांची बेरीज होत नाही. प्रत्येक क्षेत्रफळाच्या वर्गाचा व्यस्त घ्यायचा, ते सगळे मिळवायचे, बेरजेचा पुन्हा व्यस्त घेऊन वर्गमूळ काढायचे. निघते ते "परिणामी क्षेत्रफळ", आणि ते नेहमी सर्वांत लहान भागापेक्षाही थोडे लहानच येते.

उदाहरण घेऊ. खोलीची खिडकी १.२ गुणिले १.२ मीटर, सरकत्या काचांची, म्हणजे प्रत्यक्ष उघडी ०.७२ चौरस मीटर. घराच्या पलीकडच्या बाजूला ०.५ चौरस मीटरची खिडकी. मध्ये खोलीचे दार. दार बंद असेल आणि खाली ०.८ मीटर लांब, १० मिलिमीटर उंच फट असेल, तर परिणामी क्षेत्रफळ ०.००८ चौरस मीटर. दार सताड उघडले (१.६ चौरस मीटर) की तेच ०.४ होते. पन्नासपट. दोन बाजूंमध्ये २ पास्कल दाबाचा फरक धरला, तर बंद दाराने सेकंदाला जेमतेम ९ लिटर हवा आरपार जाते आणि उघड्या दाराने ४३० च्या वर. खिडकीतल्या खिडकीत जी थोडी देवाणघेवाण होते ती यात धरलेली नाही.

आता पैसे कुठे घालायचे ते पाहा. दार उघडे असताना खोलीची खिडकी दुप्पट केली, तर परिणामी क्षेत्रफळ १४ टक्क्यांनी वाढते. तेवढेच काम पलीकडच्या लहान खिडकीवर केले, तर ३८ टक्क्यांनी. दार बंदच राहणार असेल, तर दोन्ही खर्च वाया.

झोपताना दार लावणे ही बहुतेकांची गरज असते. तिथे दारावर झरोका द्या. ०.८ मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच झरोक्यात पट्ट्या वजा जाता सुमारे ०.२ चौरस मीटर मोकळे उरले, तरी परिणामी क्षेत्रफळ ०.१८ पर्यंत येते, म्हणजे उघड्या दाराच्या ४५ टक्के. पट्ट्या तिरप्या आणि एकमेकींवर चढलेल्या असल्या की नजर अडते, आवाज मात्र थोडा जातोच. नवीन बांधकामात जुन्या पद्धतीचे दारावरचे झरोके काढून टाकले जातात, आणि त्यांच्याबरोबर घरातली आरपार वाटही जाते. एक काळजी घ्या: आग आणि धूर रोखण्यासाठी बसवलेल्या दारांत झरोका कापू नका आणि ती दारे अडकण लावून उघडीही ठेवू नका.

खिडकी दिसते तेवढी उघडत नाही

दोन रुळांच्या सरकत्या खिडकीचा जास्तीत जास्त निम्मा भाग उघडतो. तिसऱ्या रुळावर जाळी असेल, तर तो निम्मा भागही जाळीमागे जातो. बिजागरीवर उघडणारी खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. वर बिजागरी असलेल्या आणि १० सेंटीमीटरवर अडकणाऱ्या झडपेचा हिशेब लोकांना नेहमी चकवतो: १.२ मीटर रुंद आणि ०.६ मीटर उंच चौकटीत खालची फट आणि दोन बाजूंचे त्रिकोण मिळून ०.१८ चौरस मीटरच मोकळे होते, म्हणजे चौकटीच्या पाव. पडल्याने इजा होऊ नये म्हणून ही अडकण लावलेली असेल, तर ती काढू नका. आतून भक्कम गज बसवा आणि मगच झडप मोकळी करा.

जाळीचा दोष दिसत नाही म्हणून तो सगळ्यांत जास्त काळ टिकतो. इंचाला १८ गुणिले १६ घरांची, ०.२८ मिलिमीटर तारेची नेहमीची मच्छरजाळी नवी असताना ६६ टक्के मोकळी असते. तारेवर चहूबाजूंनी ०.१ मिलिमीटर धूळ बसली की ६६ चे ४६ टक्के होतात. वारा मंद असताना जाळीतले घर्षण आणखी जड पडते, त्यामुळे ज्या रात्री हवेची सर्वांत जास्त गरज असते त्याच रात्री जाळी सर्वांत जास्त अडवते. वाहत्या रस्त्याकडच्या जाळ्या महिन्याला, बाकीच्या दोन-तीन महिन्यांनी साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवाव्यात. फक्त कोरडे झटकले, तर स्वयंपाकघराजवळच्या जाळीवरची तेलकट धूळ निघत नाही.

जाळी लावायलाच हवी, पण ती खिडकीच्या मापाचीच हवी असे नाही. शक्य असेल तिथे जाळी खिडकीऐवजी बाल्कनीच्या पूर्ण तोंडाला लावा. जाळीचे क्षेत्रफळ चौपट झाले की तिच्यातून जाणाऱ्या हवेचा वेग पाव होतो आणि दाबाची हानी त्याहूनही खाली येते. खिडकी मोकळी राहते आणि डासही बाहेरच राहतात. याच बाल्कनीला सरकत्या काचा लावून खोली वाढवली, तर मात्र उलट घडते: ०.७२ ची खिडकी आणि तिच्यापुढे तेवढाच उघडा भाग, दोन्ही मिळून ०.५१. शिवाय दोन्हीकडची उघडी बाजू समोरासमोर नसेल, तर हवा वळणे घेत जाते आणि आणखी मंदावते.

एकाच भिंतीला खिडक्या असतील तर

एका बाजूच्या खिडकीने खोलीचा किती खोल भाग हवेशीर होतो, याचा प्रचलित ढोबळ नियम छताच्या उंचीच्या दुप्पट ते अडीचपट असा आहे. छत ३ मीटरवर असेल तर ६ ते ७.५ मीटर. आरपार वाट असेल तर पाचपट, म्हणजे १५ मीटर. खोली यापेक्षा खोल असेल, तर आतल्या टोकाला बसलेल्या माणसाची तक्रार खरी आहे आणि खिडकीजवळ बसलेल्याला ती कधीच पटणार नाही.

पहिला उपाय उंचीचा. गरम हवा वरून जाते आणि गार हवा खालून येते, त्यातून मिळणारा दाब दर मीटर उंचीला आणि दर अंश फरकाला सुमारे ०.०४ पास्कल. आकडा लहान दिसतो, पण वारा पडलेल्या रात्री तेवढाच हाताशी असतो. एकाच भिंतीत ०.२ चौरस मीटरचा एक भाग खाली आणि तेवढाच वर, मधले अंतर १.५ मीटर, आत-बाहेर ३ अंशांचा फरक: यातून सेकंदाला सुमारे ४५ लिटर हवा बदलते. ४० घनमीटरच्या खोलीला हे तासाला ४ बदल झाले. तेच ०.४ चौरस मीटर एका आडव्या, बुटक्या खिडकीत दिले, तर याच्या जवळपासही पोहोचत नाही. वरचा भाग छताला जितका लगटून असेल तितका चांगला, नाहीतर त्याच्यावर गरम हवेचा थर साठून राहतो.

दुसरा उपाय वाऱ्याचा. भिंतीत एकमेकींपासून लांब दोन खिडक्या असतील आणि वारा भिंतीवर तिरका येत असेल, तर बाहेर उघडणाऱ्या झडपा पंखांसारख्या वापरता येतात. डाव्या खिडकीच्या झडपेची बिजागरी तिच्या उजव्या कडेला आणि उजव्या खिडकीच्या झडपेची बिजागरी तिच्या डाव्या कडेला हवी. दोन्ही झडपा ९० अंशांत उघडल्या की मधल्या भिंतीपुढे दोन उभे पंख तयार होतात. वारा डावीकडून आला, तर डावी झडप त्याला अडवून आत लोटते आणि उजवी झडप आपल्या खिडकीवर आडोसा करून हवा बाहेर खेचू देते. वारा उजवीकडून आला तर भूमिका आपोआप उलटतात. वारा सरळ समोरून आला, तर याचा उपयोग जवळजवळ नाही, कारण दोन्ही खिडक्यांवर सारखाच दाब असतो. झडपांना वाऱ्याने आपटू न देणारे भक्कम अडकण हवेत. सैल झडप अर्ध्यावर येऊन थांबते आणि उलट अडथळा होते.

छताच्या पंख्याकडून या बाबतीत अपेक्षा ठेवू नका. तो खोलीतलीच हवा फिरवतो, नवी आणत नाही. अंगावर सेकंदाला ०.८ मीटर वेगाचा वारा मिळाला की साधारण अडीच-तीन अंश कमी असल्यासारखे वाटते, आणि तो दिलासा खरा आहे. कार्बन डायऑक्साइडचा आकडा मात्र जागचा हलत नाही.

एक्झॉस्ट पंखा चालू, तरी फरक नाही

पंखा ज्या भिंतीत आहे तिथलीच शेजारची खिडकी उघडी असते. पंखा त्या खिडकीतून हवा घेतो आणि दोन हात अंतरावर पुन्हा बाहेर टाकतो. खोलीला पत्ताही लागत नाही. जवळची खिडकी बंद करा आणि घराच्या दुसऱ्या टोकाची उघडा. उदबत्ती लगेच फरक दाखवेल.

आवकही मोजून द्यावी लागते. तासाला १००० घनमीटर ओढणाऱ्या पंख्याला किमान ०.३ चौरस मीटर मोकळा भाग हवा, म्हणजे आत येणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला मीटरभर राहतो. त्याहून कमी दिला तर पंखा आवाज वाढवतो आणि हवा कमी ओढतो. पंखा नेहमी आडोशाच्या बाजूला बसवावा. वाऱ्याच्या तोंडावर बसवलेल्या लहान पंख्याला सेकंदाला ३ मीटरचा वाराही जड जातो, कारण तो सुमारे ५ पास्कलने समोरून रेटत असतो.

इथे थांबून वाचा: घरात गॅसचा गिझर, धुराडे असलेली शेगडी किंवा लाकूड-कोळशाची चूल असेल, तर जोरदार एक्झॉस्ट लावण्याआधी आवकेची वाट पक्की करा. बंद घरात पंखा हवा ओढू लागला की तो धुराड्यातून उलट्या दिशेने हवा खेचतो आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. अशा घरात त्या वायूचा गजर बसवलाच पाहिजे, आणि उपकरणासाठी ठेवलेला झरोका थंडी वाजते म्हणून कधीही बुजवू नये.

डक्टमधून वास आत येतो

पहिले कारण नुकतेच सांगितले तेच: स्वयंपाकघराचा पंखा चालू, बाकी खिडक्या बंद, मग हवा डक्टमधून येणारच. स्वयंपाकघराचीच खिडकी थोडी उघडली तर तेलाचे धूर नीट उचलले जात नाहीत, म्हणून आवक लांबच्या खिडकीतून द्या. दुसरे कारण डक्टचे डोके. पावसासाठी वर बसवलेले झाकण अनेकदा इतके खाली टेकवलेले असते की हवा बाहेर पडूच शकत नाही. झाकणाभोवतीचा उघडा भाग निदान डक्टच्या छेदाएवढा हवा. १ गुणिले १ मीटरच्या डक्टला चार बाजूंनी मिळून १ चौरस मीटर, म्हणजे झाकण किमान २५ सेंटीमीटर वर. पट्ट्या किंवा पक्षीजाळी लावणार असाल तर ४० ते ५० सेंटीमीटर. तिसरे कारण पंख्याची उलट हवा रोखणारी झडप. तिच्यावर तेलकट थर बसतो आणि ती अर्धवट उघडी चिकटते. बोटाने हलवून पाहा: सोडल्यावर ती स्वतःच्या वजनाने मिटली पाहिजे.

उंच इमारतीत वरच्या मजल्यांना जिन्यातून वास येण्याचे कारण वेगळे आहे. आतली हवा बाहेरपेक्षा गरम असली की खालचे मजले हवा घेतात, ती जिन्यातून चढते आणि वरच्या मजल्यांच्या दारांतून घरात शिरून खिडक्यांतून बाहेर पडते. जिन्याच्या माथ्याची खिडकी उघडी ठेवली आणि घराच्या मुख्य दाराला रबरी पट्टी लावली की बराचसा त्रास संपतो.

रात्री खिडक्या उघडल्या, तरी सकाळी घर तापलेलेच

इथे चूक बहुतेक वेळा घड्याळाची असते. संध्याकाळी वारा सुटला की खिडक्या उघडल्या जातात, पण त्या वेळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असू शकते. दोन थर्मामीटर लावा, एक आत आणि एक बाहेर सावलीत, उन्हाने तापलेल्या भिंतीपासून दूर. बाहेरचा आकडा २–३ अंशांनी खाली गेला की उघडा. सकाळी दोन्ही आकडे जुळले की बंद करा आणि पडदे ओढा.

दुसरी चूक कालावधीची. १०० घनमीटर घरात तासाला १० बदल आणि ३ अंशांचा फरक असेल, तर हवा सुमारे १ किलोवॅट दराने उष्णता बाहेर नेते. याच घराचे ३३ चौरस मीटरचे, १२ सेंटीमीटर जाडीचे काँक्रीटचे छत एक अंशाने थंड करायला सव्वादोन तासांहून थोडे अधिक लागतात, तेही सगळी उष्णता फक्त छतातूनच घेतली असे धरून. तासभर खिडकी उघडून काही होत नाही ते यामुळे. रात्रभर उघडी हवी. ते जमत नसेल तर तासाला १००० घनमीटरचा, ५०–६० वॅटचा एक्झॉस्ट हेच काम करतो. साठ वॅट खर्चून हजार वॅट उष्णता बाहेर जाते. इतका स्वस्त गारवा देणारे दुसरे यंत्र सहज सापडणार नाही. छत खोट्या छताने झाकलेले आणि फरशी गालिच्याने झाकलेली असेल, तर हवेचा त्यांच्याशी संपर्कच येत नाही आणि रात्रीचा सगळा खटाटोप फुकट जातो.

रात्रीही बाहेरचे तापमान खाली येत नसेल, तर हा उपाय त्या दिवसांत सोडून द्यावा. दिवसभर सावली, बंद काचा आणि अंगावर पंखा, एवढेच करावे.

ओल: इथे खिडकी बंद करायची असते

बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. २५ अंशांची हवा २३ ग्रॅमच धरू शकते. तळमजल्याची फरशी २५ अंशांवर असेल, तर अशी हवा आत घेतली की फरशीला घाम फुटणारच. याला गळती समजून फरशी उखडली जाते, आणि खाली कोरडी माती निघते. परीक्षा सोपी आहे: फुटभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने फरशीवर लावा. दुसऱ्या दिवशी पाणी कागदाच्या वर असेल तर ते हवेतले. खाली असेल तर जमिनीतले. हवेतले असेल, तर दमट दुपारी खालच्या खिडक्या लावून घ्या. ओले कपडे आत वाळत घालू नका. आंघोळीनंतर स्नानघराचा पंखा, सेकंदाला निदान २५ लिटर ओढणारा, २० मिनिटे चालू राहू द्या. कपाट भिंतीपासून पाच सेंटीमीटर पुढे ओढा.

दुरुस्ती करूनही तक्रार परत आली तर

दुरुस्ती झाल्यावर जादा निम्मी व्हायला लागलेली मिनिटे, तारीख आणि उघड्या असलेल्या खिडक्यांची नावे एका चिठ्ठीवर लिहून खिडकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला चिकटवा. तक्रार परतली की त्याच मांडणीत पुन्हा मोजा. शक्यतो वाराही पहिल्यासारखाच असू द्या. मिनिटे तीच आली, तर दोष उष्णतेचा किंवा ओलीचा आहे, वाट शाबूत आहे. मिनिटे दुपटीने वाढली असतील, तर या क्रमाने पाहा: जाळीवरची धूळ, पलीकडच्या खिडकीसमोर नव्याने आलेले कपाट किंवा जाड पडदा, चिकटलेली झडप, दारावरच्या झरोक्यात कोणी कोंबलेला कागद.

दरवर्षी ठरावीक महिन्यांतच मिनिटे वाढत असतील, तर ऋतूबरोबर वाऱ्याची दिशा बदलते आहे. ज्या बाजूला निकास म्हणून छोटी खिडकी ठेवली होती ती आता आवक झाली आहे. अशा घरात दोन्ही बाजूंचे उघडे भाग सारख्या मापाचे करून घ्यावेत. आणि एखाद्या वर्षापासून मिनिटे कायमचीच वाढलेली दिसत असतील, तर शेजारी काही नवे उभे राहिले आहे का ते पाहा. समोर उंच भिंत आली की वाऱ्याचा दाब हाती लागत नाही. मग उंचीच्या फरकावर चालणारी वाट, म्हणजे खाली एक आणि छतालगत एक असे दोन उघडे भाग, किंवा आडोशाच्या बाजूचा एक्झॉस्ट, यांपैकी जे बसेल ते करावे. पूर्वीच्या खिडकीवर पुन्हा खर्च करू नये.